‘युअर’ म्हणजे ‘तुमचा’ नव्हे

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा एका सर्वनामावर अडली. मुलुंडमधली चार मजल्यांची जुनी इमारत, 32 बिऱ्हाडं, आणि पुनर्विकासाचा करारनामा मंजुरीसाठी समोर. मूळ मसुदा इंग्रजीत होता. ज्येष्ठ सभासदांनी आग्रह धरला म्हणून विकासकाच्या कचेरीतून त्याचा मराठी अनुवाद आला. त्यात एक कलम असं होतं : ‘विकासक सभासदाला नवीन सदनिकेत त्याच्या खर्चाने स्थलांतरित करेल.’ दुसऱ्या मजल्यावरचे काका उभे राहिले. सगळी नोकरी बेस्टमध्ये कंडक्टर म्हणून झालेली, कागद ओळीवर बोट ठेवून वाचणारा माणूस. म्हणाले, ‘म्हणजे टेंपोचे पैसे आम्हीच द्यायचे?’

विकासकाकडून आलेल्या गृहस्थांनी सांगितलं, तसं नाही, खर्च विकासकच करणार, इंग्रजीत अगदी स्पष्ट आहे. इंग्रजी प्रत उघडली. तिथे ‘अ‍ॅट हिज कॉस्ट’ एवढंच होतं. ‘हिज’ म्हणजे विकासकाच्या की सभासदाच्या, हे इंग्रजीतही उलगडत नव्हतं. त्यावर काका जे बोलले ते मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवलं : ‘तो देणार असेल तर आपल्या खर्चाने असं लिहा. त्याच्या लिहिलंत की पैसे माझ्या खिशातून जातात.’

काकांनी व्याकरणाचं पुस्तक शाळेनंतर उघडलं नसेल, पण त्यांनी बोट ठेवलं ते बरोबर जागी. मराठीत हा फरक मुळातच आहे. ‘अध्यक्षांनी सचिवांना आपल्या कपाटाची चावी दिली’ म्हटलं की कपाट अध्यक्षांचं. ‘त्यांच्या कपाटाची चावी दिली’ म्हटलं की ते सचिवांचं, नाहीतर तिसऱ्याच कोणाचं. आपले व्याकरणकार अशा ‘आपण’ला आत्मवाचक सर्वनाम म्हणत आले आहेत. ते वाक्यातल्या कर्त्याकडे वळून पाहतं. इंग्रजीच्या ‘हिज’ला ही सोय नाही. म्हणून तिथे जपून लिहिणारा वकील ‘ओन’ हा जादा शब्द घालतो, ‘अ‍ॅट हिज ओन कॉस्ट’, आणि त्याहून जपून लिहिणारा सर्वनाम सोडून सरळ ‘अ‍ॅट द डेव्हलपर्स कॉस्ट’ असं लिहितो. आमच्या अनुवादकानं काय केलं? मराठीत हाताशी असलेला नेमका शब्द बाजूला ठेवला आणि इंग्रजीची अडचण उचलून आमच्या करारनाम्यात आणली. 32 कुटुंबांच्या टेंपोचा खर्च त्या एका शब्दावर लोंबकळत होता.

मी 27 वर्षं परळच्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं. तेव्हा हे लिहिताना इंग्रजीवर राग मुळीच नाही, ती माझी भाकरी होती आणि प्रेमही आहे. माझं म्हणणं एवढंच की ‘माय, युअर, हिज’ यांना शब्दाला शब्द ‘माझा, तुमचा, त्याचा’ लावण्याची सवय शाळेत आपणच लावतो, मग तीच मुलं मोठी होऊन बँकेचे, दवाखान्याचे, सरकारी कचेऱ्यांचे मराठी कागद लिहितात, आणि दोन्हीकडे नुकसान होतं. मुलांना इंग्रजी नीट येत नाही. आपली मराठी घोटाळ्यात पडते.

इंग्रजीत हा शब्द नेमकं काय करतो ते आधी पाहू. ‘नोज’ हे एकवचनी नाम इंग्रजी वाक्यात उघडं सोडता येत नाही. त्याच्याआधी ‘अ’, ‘द’, ‘धिस’ किंवा ‘माय’सारखं काहीतरी लागतंच. ‘ब्लो नोज’ हे इंग्रजी नव्हे. म्हणून ‘ब्लो युअर नोज’, आणि अनेकवचनातही त्याच सवयीनं ‘ब्रश युअर टीथ’, ‘वॉश युअर हँड्स’. त्यातला ‘युअर’ नाक कोणाचं याचा खुलासा करायला आलेला नाही, तो रिकामी जागा भरायला आला आहे. मराठीत नामाला एकट्यानं उभं राहता येतं. नाक शिंकर, दात घास, केस विंचर, हातपाय धू. इथे आई ‘तुझं नाक शिंकर’ म्हणाली, तर थोरली धाकट्याच्या नाकाशी काहीतरी करत होती, हे आपल्याला दुसऱ्या खोलीतूनही कळतं. आपल्याकडे ‘तुझं’ उच्चारलं की त्याला वजन येतं, त्यात दुसऱ्या कोणाचं तरी नसल्याचं सांगणं येतं. कधी टोचणीही येते. ‘तुझं तू बघ.’

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंचा छातीचा सीटी स्कॅन करायचा होता. वय 81. गावाहून मुंबईला आल्याला 60 वर्षं झालेली, मराठी अस्सल, कान जरा कमी. यंत्रात त्यांना आडवं घातलं आणि यंत्रातून ध्वनिमुद्रित आवाज आला : ‘कृपया आपला श्वास रोखून ठेवा.’ त्या तशाच श्वास घेत राहिल्या. पुन्हा तोच आवाज. त्यांनी मान वळवून काचेकडे पाहिलं. काचेमागचा तंत्रज्ञ पोरगेलासा मुलगा होता. त्यानं माईक उघडला आणि म्हणाला, ‘आजी, श्वास धरा... धरा... सोडा आता.’ त्यांनी श्वास धरला, सोडला, काम झालं. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, ‘तो मघाचा कोणाबद्दल बोलत होता?’ त्या मुलानं पाठ केलेलं काही म्हटलं नव्हतं. समोरच्या आजीशी जसं बोलावं तसं तो बोलला, आणि त्याच्या वाक्यात ‘आपला’ नव्हता, ‘कृपया’ नव्हतं.

मोबाइलवरचे संदेश घ्या. ‘तुमचा ओटीपी तुमच्या खात्याच्या सुरक्षेसाठी कोणाशीही शेअर करू नका.’ यातले दोन्ही ‘तुमचा’ काढून बघा. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका.’ धोक्याची सूचना लहान झाली आणि कानात शिरली. ‘तुमचा वेळ घ्या’ हे तर आता मुंबईत कार्यक्रमांच्या सूत्रसंचालकांपासून दुकानातल्या मुलींपर्यंत सगळे म्हणतात. मूळ ‘टेक युअर टाइम’. मराठीत ‘वेळ घेतला’ म्हणजे दुसऱ्याचा खर्च केला. आपण निरोप घेताना म्हणतो ना, ‘तुमचा बराच वेळ घेतला.’ साडीच्या दुकानात ‘सावकाश बघा, घाई नाही’ म्हणणारा जुना सेल्समन मला अजून आठवतो. त्याच्या वाक्यात ‘तुमचा’ला जागाच नव्हती.

आता शाळा. इंग्रजी वाक्प्रचारांच्या यादीत ‘टु मेक अप वन्स माइंड’, ‘टु लूज वन्स टेंपर’, ‘टु होल्ड वन्स ब्रेथ’ असं छापलेलं असतं. मुलं ते पाठ करतात. मग वाक्यात उपयोग करा म्हटलं की उत्तरपत्रिकेत येतं : ‘माय मदर मेड अप वन्स माइंड टु गो टु कोकण.’ दहावीच्या एका हुशार मुलीनं हे लिहिलं होतं. लालबागला बारा बाय दहाच्या खोलीत दोन भावंडांना सांभाळून अभ्यास करणारी मुलगी. तिनं पाठांतरात कसूर केली नव्हती. ‘वन्स’ हा शब्द वाक्यात तसाच न्यायचा नसतो, ती फक्त रिकामी खुर्ची आहे आणि तिच्यावर कर्त्याप्रमाणे ‘माय’, ‘हर’, ‘देअर’ बसवायचं असतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मीही नव्हतं सांगितलं. त्या दिवशी लाल शाईनं गुण कापताना मला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मी ‘वन्स’ खोडून तिथे ‘आपला’ लिहिलं. आई आपला निश्चय करते. आपला म्हणजे कोणाचा? आईचा. मग इंग्रजीत? ‘हर!’ अख्खा वर्ग ओरडला. बाबांचं डोकं फिरलं, ‘लॉस्ट हिज टेंपर’. आम्ही श्वास रोखला, ‘हेल्ड अवर ब्रेथ’. पाच मिनिटांत जमलं, कारण मुलांना ते आधीपासून येतच होतं, मराठीत येत होतं.

मग एका मुलानं विचारलं, ‘बाई, पुल युअर लेगमध्ये आपला कसा बसवायचा? स्वतःचा पाय कोण ओढतं?’ प्रश्न फार चांगला होता. इंग्रजी वाक्प्रचारांत दोन जाती आहेत. एकीत ती वस्तू कर्त्याचीच असावी लागते : स्वतःचाच श्वास रोखता येतो, स्वतःचाच निश्चय करता येतो. दुसरीत ती दुसऱ्याचीच असते : ‘पुल समवन्स लेग’, ‘गेट ऑन समवन्स नर्व्हज’. चांगले कोश हा फरक छापतात, एकीकडे ‘वन्स’, दुसरीकडे ‘समवन्स’. पण आमच्या मुलांना दोन्ही शब्द सारखेच परके. मी म्हटलं, ‘वन्स’ म्हणजे आपला तो बाब्या, ‘समवन्स’ म्हणजे दुसऱ्याचं ते कार्टं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्या एकाही वर्गाला हा धडा दुसऱ्यांदा शिकवावा लागला नाही. जाता जाता हेही सांगायचे की ‘पुल युअर लेग’ म्हणजे थट्टा करणं, आणि मराठीत पाय ओढणं म्हणजे वर जाणाऱ्याला खाली खेचणं. दोन्हींची सांगड घालू नका. तिसरीही एक जात आहे, जिथे सर्वनाम चालतच नाही. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणं. त्यात ‘द’च हवा, ‘हिज’ घातला तर माणूस मरत नाही, फक्त बादली लवंडते.

इंग्रजीतसुद्धा हे शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाले आहेत. आमच्या शाळेत पूर्वी मुलं ‘बाई’ म्हणायची, आता ‘मॅडम’ म्हणतात. ‘मॅडम’ हा फ्रेंच ‘मा दाम’ आहे, म्हणजे ‘माझ्या बाईसाहेब’. त्यातली ‘मा’ अर्थात ‘माझी’ कोणाला ऐकू येते? हायकोर्टात दिवसभर उच्चारला जाणारा ‘मिलॉर्ड’ तसाच, ‘माय’ कधीच गिळला गेला. इंग्रजीची ही घडी फार जुनीही नाही. 1611 सालच्या इंग्रजी बायबलमध्ये निर्जीव वस्तूंसाठीही ‘हिज’ येतो. ‘इट्स’ हा शब्द तेव्हा नुकता रुजत होता. तेव्हा इंग्रजीचा प्रत्येक ‘हिज’ पवित्र मानून मराठीत उतरवायची गरज नाही.

मराठीतही मालकी नसलेला एक ‘आपला’ आहे, आणि तो मला सगळ्यात प्रिय आहे. ‘मी आपली खिडकीत बसले होते.’ ‘सहज आपलं विचारलं.’ ‘तुझं आपलं काहीतरीच!’ यात कोणाचं काही नाही. त्यात फक्त बोलणाऱ्याचा सूर आहे, थोडा संकोच, थोडी जवळीक, मी काही विशेष करत नव्हते असं सांगणं. हा ‘आपला’ इंग्रजीत नेताच येत नाही. अनुवादाच्या मराठीत तो कधीच दिसत नाही, कारण मूळ इंग्रजी वाक्यात त्याला जन्म देणारा शब्दच नसतो. आपल्या मुलांनी फक्त अनुवादित मराठी वाचली तर हा शब्द ती ऐकतील कुठे?

एक शंका मी स्वतःच काढते, कारण सभेत ती निघाली होती. ‘मी माझं काम केलं’ हे बरोबर नाही का? आहे. ‘मी’ आणि ‘तू’ जिथे आहेत तिथे कोणाचं याचा घोळ होत नाही, मराठी तिथे सैल आहे. मुंबईच्या हिंदीत ‘मैं मेरा काम करता है’ असं होतं ते याच सवयीनं. उत्तरेकडून आलेल्यांच्या कानाला ते खटकतं, कारण हिंदीला तिथेही ‘अपना’च लागतो. खरी कसोटी तृतीय पुरुषात आहे. तिथे आता आपण बोलतानाही ‘तो त्याच्या घरी गेला’ सर्रास म्हणतो. गप्पांत कळतं, चालून जातं. करारनाम्यात, अर्जात, पंचनाम्यात, मृत्युपत्रात चालून जात नाही.

घर माझ्या नावावर आहे, म्हणून आणखी एक गोष्ट मला करारनाम्यात टोचली. ‘सभासद त्याच्या सदनिकेचा रिकामा ताबा देईल.’ कायद्याच्या भाषेत पुल्लिंगात स्त्रीलिंग धरलं जातं, 1897 च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम 13 मध्ये तसं सांगितलेलंच आहे, त्यामुळे माझा हक्क बुडत नाही. तरी आमच्या इमारतीत नऊ घरं बायकांच्या नावावर आहेत. इंग्रजीला या प्रश्नानं फार छळलं. ‘हिज ऑर हर’ लिहून पाहिलं, शेवटी एका माणसासाठी ‘देअर’ लिहायची चौदाव्या शतकापासूनची जुनी रीत पुन्हा उचलून धरली. आपल्याला एवढा खटाटोप लागत नाही. ‘सभासद आपल्या सदनिकेचा ताबा देईल.’ ‘आपला’ मालकाचं लिंग सांगतच नाही, तो फक्त वस्तूशी जुळतो. आपली सदनिका, आपलं घर, आपला गाळा. माझ्यासाठीही तोच, काकांसाठीही तोच.

मुंबईच्या संदर्भात तर या शब्दांना इतिहास आहे. इंग्रजीच्या ‘अवर’मध्ये ऐकणारा आत आहे की बाहेर हे कळत नाही. मराठीत कळतं. ‘आमचं’ म्हणजे तुम्हाला सोडून, ‘आपलं’ म्हणजे तुम्हाला धरून. हा भेद द्राविडी भाषांच्या शेजारातून आला असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. गुजरातीतही तो आहे, म्हणजे या शहरातल्या दोन मोठ्या भाषांना तो ठाऊक आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ‘मुंबई आमची’ म्हटलं गेलं तेव्हा समोर मुंबई नाकारणारे होते, त्यांना उद्देशून ‘आमची’च नेमका शब्द होता. ‘मुंबई तुमची, भांडी घासा आमची’ हा टोमणा जुन्या माणसांना अजून आठवतो. त्यातला सगळा अपमान ‘तुमची’ आणि ‘आमची’ या दोन शब्दांत भरलेला आहे. तो ऐकलेल्या पिढीनं ‘आमची मुंबई’ छातीठोक म्हटलं, ते योग्यच होतं. पण शेजाऱ्याला कचरा ओला-सुका वेगळा करायला सांगताना, पावसात गटारावरचं झाकण उघडं असल्याची वर्दी देताना, ‘आपली मुंबई’ म्हणायला हवं. दोन्ही शब्द हवेत, आपापल्या जागी हवेत. इंग्रजी वर्तमानपत्रं दोन्हींचं ‘अवर’ करतात आणि मग आपणही ते ‘अवर’ परत मराठीत आणताना हाताला येईल तो शब्द घेतो.

भाषा बदलतेच, असं मला माझे जुने विद्यार्थी सांगतात. बदलू दे. टेबल आलं, तिकीट आलं, स्टेशन आलं, मराठी त्यानं श्रीमंतच झाली. इथे मात्र शब्द येत नाही, फरक जातो. ‘आपला’ आणि ‘त्याचा’ यांतला भेद मावळला की कोणाच्या खर्चानं हे सांगायला आपल्यालाही इंग्रजीसारखी ठिगळं लावावी लागतील.

सरकारनं मराठीसाठी कायदे पुष्कळ केले. 1964 चा राजभाषा अधिनियम आहे, 2022 साली स्थानिक प्राधिकरणांसाठी वेगळा कायदा झाला, त्याच वर्षी दुकानांच्या पाट्यांचा नियम कडक झाला आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात दर्जाही मिळाला. मला या सगळ्याचा आनंद आहे. पण पाटी दोन शब्दांची असते, आतला अर्ज वाक्यांचा असतो. भाषा संचालनालयानं परिभाषा कोशांवर कित्येक वर्षं कष्ट घेतले, त्यात विकासक, सदनिका, मुद्रांक शुल्क सगळं सापडतं. ‘आपला’ कोणत्याच परिभाषा कोशात सापडणार नाही, तो परिभाषा नव्हे. तो वाक्य लिहिणाऱ्याच्या कानात असावा लागतो. म्हणून माझी मागणी साधी आहे : महापालिकेची सूचना, रुग्णालयाचा फॉर्म, बँकेचा संदेश यांचा पहिला मसुदाच मराठीत लिहा, आणि लावण्याआधी तो खिडकीवर बसणाऱ्या माणसाकडून एखाद्या आजीला मोठ्यानं वाचून दाखवा. त्या तंत्रज्ञ मुलाला जे जमलं ते महापालिकेलाही जमेल. शाळांत आठवीपासून इंग्रजी वाक्प्रचार मराठीच्या शेजारी ठेवून शिकवा. ‘वन्स’च्या जागी ‘आपला’ बसवायला नवं पाठ्यपुस्तक लागत नाही, खडू लागतो.

आमच्या सभेनं ते कलम त्या रात्री मंजूर केलं नाही. पुढच्या सभेत दुरुस्त मसुदा आला, त्यात आता ‘विकासक स्वखर्चाने’ असं आहे. काकांनी मला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना बरोबर घेऊन उरलेली कलमं वाचायला सुरुवात केली आहे. रोज संध्याकाळी सातला, त्यांच्या घरी. ‘त्याचा’ आणि ‘त्यांचा’ दिसला की पेन्सिलीनं गोल करायचा आणि विचारायचं, कोणाचा? काल अकराव्या पानापर्यंत आलो, 14 गोल झाले.